पोटगीचा हुकूम कुठल्या दप्तरात आहे?



या पानावर येणाऱ्या पत्रांत एक विचारणा सारखी असते. गावे वेगळी, माणसे वेगळी, पण मागणी एकच. कोणाच्या आईला वीस वर्षांपूर्वी पोटगी मंजूर झाली होती, तो कागद छप्पर गळून भिजला आणि गेला. कोणाच्या बहिणीचा घटस्फोट झालाय असे घरात सगळे म्हणतात, पण कुठल्या कोर्टात झाला ते कोणाला ठाऊक नाही. दावा चालवणारे वकीलसाहेब वारले. कोणाचे वडील मुंबईला रेल्वेत होते, आई गावाकडे, तिकडे दुसरा संसार. वडील गेले आणि आता पेन्शनच्या कागदावर कोणाचे नाव लागणार हा तंटा उभा राहिला. सगळ्यांना कोर्टातला एक कागद हवा आहे. तो कसा शोधायचा, कोणाकडे मागायचा, हे मात्र सांगणारे कोणी भेटत नाही. भेटतो तो एजंट.

म्हणून या खेपेला हाच विषय घेतला आहे, आणि तोही सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरता. या दोन जिल्ह्यांची घडणच अशी आहे की जुना कागद एका जागी राहिलेला नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, 'आमचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले, आम्हाला हिंदू कायदा कसा लागेल?' लागतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांना तो कायदा लागू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्याविषयी मते वेगळी असू शकतात, पण कागद शोधताना उपयोग मतांचा नाही, नोंदीचा होतो. आपल्या घरातला घटस्फोट, न्यायिक फारकत किंवा नांदायला येण्याचा दावा हा कोर्टाच्या वहीत 'हिंदू विवाह अर्ज' याच सदराखाली सापडेल. बौद्ध असे वेगळे सदर शोधत बसू नये.

दुसरी गोष्ट पोटगीची. पोटगी दोन वाटांनी मिळते. एक वाट विवाहाच्या दाव्यातूनच, दिवाणी बाजूने. दुसरी फौजदारी बाजूने, मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातून. गावाकडच्या गरीब बाईची वाट बहुतेक ही दुसरीच असते, कारण ते कोर्ट तालुक्याच्या गावी असते आणि अर्ज साधा असतो. या दुसऱ्या वाटेचा कलम नंबर मात्र दोनदा बदलला आहे. आजीच्या काळचा कागद असेल तर त्यावर कलम ४८८ दिसेल. तो १८९८ च्या फौजदारी संहितेतला. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता आली, तेव्हापासून कलम १२५. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात कलम १४४. तिन्ही एकच आहेत. आईच्या कागदावर १२५ आहे आणि आता वकील १४४ म्हणतात म्हणून घाबरायचे कारण नाही.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ते सांगतो. बाईला तिच्या बाजूने झालेल्या हुकुमाची एक नक्कल फुकट मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. पोटगीचा हुकूम ज्या व्यक्तीच्या बाजूने झाला तिला त्याची प्रत पैसे न घेता द्यावी, असे जुन्या संहितेच्या कलम १२८ मध्ये होते, नव्या संहितेच्या कलम १४७ मध्येही आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की नवरा आणि बायको दोघांनाही त्याची एकेक प्रत विनामूल्य द्यावी, असे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ च्या पोटकलम ४ मध्ये लिहिले आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही कलम २४ ने हुकुमाची प्रत फुकट द्यायची आहे. तीन कायदे एकच गोष्ट सांगतात. तरीही आमच्याकडे येणाऱ्या बायाबापड्यांत अशी बाई क्वचितच भेटते जिला हे कोणी सांगितले होते. निकाल लागला त्या दिवशी बाई रडत किंवा हसत घरी गेली, कागद वकिलांच्या फायलीत राहिला. पुढे फाईल गेली, कागद गेला. ज्यांचे दावे आज चालू आहेत त्यांनी निकालाच्या दिवशीच आपल्या वकिलांना सांगावे, 'साहेब, माझी फुकटची प्रत मला माझ्या हातात पाहिजे.' यात संकोच कसला?

एकदा ती प्रत घेऊन हरवली असेल तर दुसरी मात्र नक्कल फी भरून घ्यावी लागते. ती फी पानांवर असते आणि एजंट सांगतो तितकी कधीच नसते.

शोधाची सुरुवात घरातून करावी. कोर्टाच्या वह्या नावावर लावलेल्या नसतात, त्या नंबर आणि साल यांवर लावलेल्या असतात. 'पोटगी अर्ज नंबर अमुक, सन तमुक' एवढे सापडले की निम्मे काम झाले. हा नंबर समन्सवर असतो. बेलिफाने आणलेल्या नोटिशीवर असतो. वकिलांच्या फीच्या पावतीमागे खरडलेला असतो. पोटगीची मनीऑर्डर येत असेल तर कूपनावर कधीकधी असतो. ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या जागी आता बाबासाहेबांचा फोटो आहे त्याच्या मागे, पत्र्याच्या डब्यात, जुन्या रेशनकार्डाच्या घडीत पाहावे. जाबदाराच्या घरीही त्याची प्रत असते. सासरच्या एखाद्या नणंदेशी बोलणे टिकून असेल तर तिला विचारायला हरकत नाही. नवऱ्याच्या पगारातून पोटगी कापली जात असेल तर त्याच्या कचेरीत जप्तीचा हुकूम गेलेला असणार, त्यावरही नंबर असतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी पूर्वी अर्ज केला असेल तर तहसील कचेरीतल्या त्या प्रकरणाला कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स जोडलेली असण्याचा संभव फार.

नंबर नाहीच मिळाला तर कोर्ट कुठले हे ठरवावे लागते, आणि इथे थोडा विचार करावा लागतो. विवाहाचा दावा कुठे घालता येतो याचे नियम आहेत. लग्न जिथे लागले, समोरचा पक्ष जिथे राहतो, किंवा दोघे शेवटी एकत्र जिथे राहिले, ही त्यातली मुख्य ठिकाणे. बायको आज जिथे राहते तिथे, म्हणजे बहुधा माहेरी, दावा घालण्याची सोय बाईला मिळाली ती २००३ च्या दुरुस्तीने. तेव्हा दावा २००३ च्या आधीचा असेल तर नुसते माहेरच्या तालुक्यात शोधून भागणार नाही. लग्न माहेरी लागले असेल तर ठीक. नसेल तर सासरचे गाव धरावे. मॅजिस्ट्रेटकडच्या पोटगीला मात्र बाई राहते ते ठिकाण आधीपासून चालत होते. त्यामुळे एकाच जोडप्याचा पोटगीचा कागद वडूजला आणि घटस्फोटाचा साताऱ्याला, असे सर्रास असते. दोन वेगळे कागद दोन वेगळ्या ठिकाणी शोधायचे आहेत हे आधी डोक्यात घ्यावे.

नावांचाही घोळ आहे. खटाव तालुका म्हणतो पण कोर्ट वडूजला, माण तालुक्याचे दहिवडीला, जावळीचे मेढ्याला. सांगलीकडे खानापूर तालुक्याचे कोर्ट विट्याला, आणि वाळवा तालुक्याचे जे गाव कागदावर इस्लामपूर आहे त्याला आता ईश्वरपूर म्हणतात. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर नंतर निघाले; पलूसचा बराच भाग तासगावात होता, कडेगाव खानापुरात. आजचे गाव पलूस तालुक्यात आहे म्हणून पस्तीस वर्षांपूर्वीचा अर्जही तिथेच असेल असे नाही, आधी तासगावला विचारावे.

मग मुंबई. सातारा-सांगलीची किती घरे मुंबईच्या गिरण्यांवर, गोदीवर, रेल्वेवर आणि महापालिकेच्या सफाई खात्यावर जगली, ते वाचकांना वेगळे सांगायला नको. नवरा मुंबईला असला तर त्याने दावा तिकडेच घातलेला असतो. १९८९ पासून मुंबईचे कौटुंबिक न्यायालय आहे, ते वांद्र्याला. त्या आधीचे मुंबईतले घटस्फोट नगर दिवाणी न्यायालयात चालत आणि पोटगीचे अर्ज मॅजिस्ट्रेटांकडे. 'मला कधी नोटीसच आली नाही, आणि आता म्हणतात तुझा घटस्फोट झालाय,' असे सांगणाऱ्या भगिनींनी मुंबईच्या दप्तरात आधी चौकशी करावी. एकतर्फी हुकूमनामा असेल तर समन्स कोणत्या पत्त्यावर गेले, कोणी घेतले, सही की अंगठा, हे सगळे त्या फायलीत असते. हुकूमनाम्याच्या एका पानावर थांबू नये, समन्सच्या पोचीची आणि रोजनाम्याचीही नक्कल मागावी. पुढे एकतर्फी निकाल रद्द करून मागायचा असेल तर वकिलांना तीच लागते.

कौटुंबिक न्यायालयाचा एक बारकावा आणखी. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहराला असे न्यायालय द्यायचे. बाकी ठिकाणी गरजेप्रमाणे, सरकार आणि उच्च न्यायालय ठरवतील तसे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची वस्ती २०११ च्या शिरगणतीत पाच लाखांच्या आसपास, सातारा शहर त्याहून बरेच लहान. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक जुने विवाहदावे हे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चाललेले आहेत. ज्या भागासाठी कौटुंबिक न्यायालय नेमले जाते तिथले चालू दावे त्याच्याकडे वर्ग होतात, आणि वर्ग झाले की नंबर बदलतो. एकच दावा, दोन नंबर. जुना नंबर घेऊन नव्या खिडकीवर गेलो की 'सापडत नाही' हे उत्तर मिळते. तेव्हा 'हा वर्ग झालाय का ते पाहा' असे म्हणावे. वर्ग होण्याआधीच निकाली निघालेला दावा मात्र जुन्या कोर्टाच्याच दप्तरात असतो.

याच्याही मागे जायचे असेल तर इतिहास उघडावा लागतो. १९४८ पर्यंत या मुलखात एक राज्य नव्हते. सातारा हा इंग्रजी जिल्हा. त्यात आणि त्याच्या कडेने फलटण, औंध, सांगली, मिरजेच्या दोन पात्या, जत अशी संस्थाने. प्रत्येकाची कोर्टे निराळी. संस्थाने विलीन झाली आणि १ ऑगस्ट १९४९ ला तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हे तालुके साताऱ्यातून काढून, त्यांना संस्थानी मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा केला. त्याचे नाव सांगली झाले ते २१ नोव्हेंबर १९६० ला. आटपाडीसारखे गाव औंध संस्थानात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे तासगावच्या माणसाचा १९४० सालचा कागद साताऱ्याचा, आणि सांगली शहराच्या माणसाचा त्याच सालचा कागद संस्थानचा. संस्थानी कागदांसाठी राज्याच्या पुराभिलेख खात्याच्या कोल्हापूर आणि पुणे इथल्या कार्यालयांत चौकशी करावी. तिथले बरेच कागद मोडीत आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर जुनी दप्तरे उघडली तेव्हापासून मोडी वाचणारा माणूस शोधणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, एवढा तरी फायदा झाला.

एवढा जुना कौटुंबिक कागद असतो तरी का? असतो. मुंबई इलाख्यात १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा होता, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षे आधी आपल्याकडे कोर्टातून घटस्फोट मिळू शकत होता. पोटगीचे कलम ४८८ तर त्याहून जुने. आणि अशा कागदाचा दुसराही उपयोग आहे, तो जातीच्या दाखल्यासाठी. अनुसूचित जातीच्या दाखल्याला आपल्याकडे १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या आधीच्या कोर्टाच्या कागदावर पक्षकाराच्या नावापुढे जात लिहिलेली असते. पणजीचा पोटगीचा अर्ज पणतीच्या पडताळणीला कामी यावा, हे पणजीच्या स्वप्नातही आले नसेल.

अशा जुन्या कागदात नाव शोधताना आजचे आडनाव शोधू नये. त्या काळी आपल्या माणसांना आडनाव लावण्याची कोणाला गरजच वाटत नव्हती. 'अमका बिन तमका महार, राहणार अमुक' असे लिहिलेले असते. बिन म्हणजे त्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' असते, म्हणजे अमक्याची बायको, कुठे 'भ्र.' असते, ते भ्रतार. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेला पुढे प्रतापसिंह हायस्कूल नाव मिळाले, तिच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकाला भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. नोंदीत नाव भिवा आहे. भीमराव शोधणाऱ्याला ते सापडले नसते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना म्हणूनच विचारून घ्यावे, आजीला माहेरी काय म्हणत, सासरी नाव बदलले होते का, आजोबांना गावात कशा नावाने हाक मारत.

अलीकडच्या दाव्यांचे नाव संगणकावर शोधता येते. ई-कोर्ट नावाच्या सरकारी सेवेवर जिल्हा, कोर्ट, साल आणि पक्षकाराचे नाव घातले की दाव्याची तारीख, टप्पा आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे दोन मिनिटांत जमते. नाहीतर कोर्टाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात विचारावे. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून पाहावे. कांबळे हे एकच नाव दोन तऱ्हेने लिहितात, वाघमारे तीन तऱ्हेने. संगणक येण्यापूर्वी निकाली निघालेले दावे मात्र तिथे बहुधा दिसत नाहीत, आणि विवाहाच्या दाव्यांतले हुकूम सगळ्यांना वाचायला ठेवत नाहीत. 'संगणकावर नाही' म्हणजे 'दप्तरात नाही' असे समजून परत फिरू नये.

आता खिडकीवर काय करायचे. नक्कल विभागात छापील अर्ज असतो. त्यावर कोर्टाचे नाव, दाव्याचा नंबर व साल, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे. हा शेवटचा भाग लोक चुकवतात. 'केसचे पेपर' असे लिहून उपयोग नाही. निकालपत्र वेगळे, हुकूमनामा वेगळा. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणे दिलेली असतात. हुकूमनाम्यात फक्त काय ठरले ते असते. पेन्शन, पुनर्विवाह, मुलाचा ताबा अशा कामांना दोन्ही मागावेत. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावायचे, अंदाजे खर्च आगाऊ भरायचा आणि त्याची पावती घ्यायची. पावती हरवू नये. साल नक्की ठाऊक नसेल तर अमुक ते अमुक सालांच्या नोंदवह्या पाहून शोध घ्यावा असा अर्ज द्यावा. मिळालेल्या नकलेवर 'खरी नक्कल' असा शेरा, सही, तारीख आणि कोर्टाचा शिक्का आहे ना ते तिथेच पाहावे. शिक्का नसलेली प्रत म्हणजे झेरॉक्स, ती पेन्शनच्या साहेबापुढे चालत नाही. नकलेच्या पायथ्याशी अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा असतात. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात, ते याच तारखांवरून.

आपण स्वतः पक्षकार असू तर नक्कल मिळण्यात अडचण नाही. ओळखपत्र न्यावे. आई किंवा वडील वारले असतील आणि मुलगा किंवा मुलगी मागत असेल तर मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारा कागद आणि नक्कल कशासाठी हवी हे सांगणारे प्रतिज्ञापत्र लागते, त्यावर न्यायाधीश हुकूम करतात. परक्या माणसाला विवाहाच्या दाव्याचे कागद सहज मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने हे दावे बंद दाराआड चालतात आणि ते छापून प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. गावातल्या पुढाऱ्याला कोणा बाईची फाईल 'जरा बघायची' असते. त्याला कोणी नाही म्हटले तर बिघडत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर? हा प्रश्नही पत्रांतून येतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले आहे की न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, माहिती अधिकारातून नव्हे. तेव्हा तिकडे महिना-दीड महिना घालवू नये.

खर्चाची भीती वाटत असेल तर एक दार आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. साताऱ्याला आहे, सांगलीलाही आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. या मदतीत कोर्टाच्या कागदांच्या नकला मिळवून देणेही येते. आपल्या घरातली बाई दोन्ही नात्यांनी हक्कदार आहे. कोरा कागद घेऊन जावे, अर्ज तिथेच लिहून मिळतो. आमच्या एका ओळखीच्या ताईंनी कोर्टाच्या बाहेरच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला नकलेसाठी दोनदा पैसे दिले, कागद काही आला नाही. प्राधिकरणात अर्ज दिल्यावर आला. कोर्ट कुठले ते सांगत नाही, अशी झाडे सगळीकडे आहेत.

कागद सापडलाच नाही, किंवा नष्ट केला असे सांगितले, तर तेही लेखी मागावे. निकाली दाव्यातले सगळे कागद कायम ठेवत नाहीत. वकालतनामा, मुदतीचे अर्ज, समन्स असे कागद ठराविक वर्षांनी काढून टाकतात. निकालपत्र आणि हुकूमनामा पुष्कळ जास्त काळ राखतात. म्हणून 'फाईल नष्ट झाली' असे ऐकले तरी निकालपत्र आणि हुकूमनाम्याची स्वतंत्र विचारणा करावी, आणि तेही नसेल तर नोंदवहीतल्या नोंदीचा उतारा मागावा. शिवाय वरच्या कोर्टात अपील किंवा फेरतपासणी झाली असेल तर खालची फाईल वर मागवलेली असते आणि कधी तिकडेच राहिलेली असते. वसुलीची दरखास्त दाखल झाली असेल तर तिला मूळ हुकुमाची नक्कल जोडलेली असते. दरखास्तीचा नंबर वेगळा, फाईल वेगळी, तीही पाहावी.

काही निवाडे मात्र कुठल्याच कोर्टात सापडणार नाहीत. बेचाळीसच्या चळवळीनंतर साताऱ्यात प्रतिसरकार होते. त्याच्या न्यायदान मंडळांनी गावोगाव तंटे मिटवले, त्यात नवरा-बायकोचेही होते. इंग्रजी कोर्टाच्या दप्तरात त्यांची नोंद असण्याचे कारण नाही. तसेच पंचांपुढची काडीमोड. रूढीने चालत आलेला घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने मोडीत काढलेला नाही, पण अशी रूढी आपल्यात होती आणि त्याप्रमाणे काडीमोड झाली, हे ज्याने म्हणायचे त्याने सिद्ध करावे लागते. आजकाल स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरीचा शिक्का मारून देतात आणि दोन्हीकडची माणसे निश्चिंत होतात. त्या कागदाने लग्न मोडत नाही. पंधरा-वीस वर्षांनी नवरा वारतो, पेन्शनचा प्रश्न येतो, आणि मग कळते की पहिली बायकोच कायद्याने बायको होती. ज्यांच्या घरात असा कागद आहे त्यांनी तो फाडू नये, पण त्यावर विसंबूही नये. दोघांची संमती असेल तर कलम १३-ब खाली संमतीचा घटस्फोट कोर्टातून घ्यावा. नवरा-बायकोचे कायदेशीर नाते आहे की नाही, हे न्यायालयाकडून ठरवूनही घेता येते.

पेन्शनच्या तंट्यात अडकलेल्या भगिनींसाठी एवढेच, की पोटगीच्या नुसत्या हुकुमाने लग्न संपत नाही. 'तुला पोटगी मिळत होती म्हणजे तुझे नाते तुटले होते' असे कचेरीत कोणी म्हणाले तर घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवा म्हणावे. तो नसेल तर पोटगीचा कागद उलट तुमच्याच बाजूचा पुरावा आहे, कारण त्यात तुम्हाला त्या माणसाची बायको म्हटलेले आहे.

ज्यांची पोटगी थकली आहे त्यांनी मात्र नकलेची वाट पाहत तारीख चुकवू नये. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवे असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. एक वर्ष उलटलेली रक्कम या वाटेने मिळत नाही. वसुलीचा अर्ज आधी द्यावा, नक्कल मिळेल तशी जोडावी. मूळ फाईल त्याच कोर्टात असेल तर न्यायाधीश ती मागवून पाहू शकतात. आणि ज्यांचा हुकूम फार जुना आहे, महिना दीडशे-दोनशे रुपयांचा, त्यांनी ती रक्कम वाढवून मागता येते हे लक्षात घ्यावे. १९७३ च्या संहितेत पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. वाढीचा अर्ज आता नव्या संहितेच्या कलम १४६ खाली होतो, आणि त्याला जुन्या हुकुमाची नक्कल लागते.

शेवटची एक सोय नवी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. नवे अपील असेल तर आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायची नाही. जुने, निकाली निघालेले अपील असेल तर कागद कोल्हापुरात आहे की अजून मुंबईत, हे आपल्या वकिलांकडून विचारून घ्यावे आणि मगच भाडे खर्च करावे.